वर वायफाय आलं आणि खाली ऑफिस बंद पडलं: गिरणगावातल्या एका अभ्यासिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका जुन्या इमारतीत एका ट्रस्टचं वाचनालय आणि अभ्यासिका आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. तळमजल्यावर पुस्तकांची देवघेव आणि ऑफिस, दुसऱ्या मजल्यावर साठ खुर्च्यांची अभ्यासिका. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत उघडी. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असली की अभ्यासाला जागा कुठून आणायची? त्यामुळे एमपीएससी, सीए आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली इथे तीन पाळ्यांत बसतात. मी नेटवर्किंगची कामं घेतो. या जागेचं काम माझ्याकडे आलं ते एका बिघाडामुळे.

तिथलं नेटवर्क साधं होतं. ऑफिसात 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, कंपनीने दिलेला फायबर बॉक्स, त्याला जोडलेला आठ पोर्टांचा स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक यंत्रं जोडायची डबी. स्विचवर तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. फायबर बॉक्सचं स्वतःचं वायफाय होतं, पण दीड फुटी जुन्या भिंती आणि दोन मजल्यांचे स्लॅब ओलांडून ते वर पोचत नव्हतं. मुलं मोबाइलचा डेटा वापरायची. तो दुपारपर्यंत संपला की लेक्चरचे व्हिडिओ बघायला जिन्यात नाहीतर ऑफिसच्या दारात येऊन उभी राहायची.

अडचण

अभ्यासिकेतल्याच एका विद्यार्थ्याने पुढाकार घेतला. त्याच्या घरी जुना राउटर पडून होता. पूर्वी कधीतरी दुसऱ्या मजल्यापर्यंत ओढलेली आणि वापरात नसलेली एक केबल त्याला सापडली. खालचं टोक त्याने स्विचमध्ये घातलं आणि वरचं राउटरच्या चार पिवळ्या पोर्टांपैकी एकात. राउटर चालू झाला, वायफायचं नाव दिसलं, त्याच्या फोनवर नेट आलं. काही फोनवर आलं नाही, पण गर्दीमुळे स्लो असेल असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचे कॉम्प्युटर चालू केले तर एकावर नेट, दोनांवर नाही. थोड्या वेळाने उलटं. प्रिंटर प्रिंट घेईना. सीसीटीव्ही मोबाइलवर दिसेना. ग्रंथपाल ताईंनी कंपनीत तक्रार नोंदवली. तिथून फायबर बॉक्स बंद-चालू करायला सांगितलं. केला की अर्धा तास बरं चालायचं, मग पुन्हा तेच. यात दोन दिवस गेले आणि सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या हाताने फाडाव्या लागल्या.

सचिव काकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “वरच्या पोरांना नेट दिलं, तर खालचं ऑफिस बंद पडलं. आता ते वरचं काढूनच टाकतो.” मी म्हटलं, “काका, मी येईपर्यंत काही काढू नका.” बिघाड चालू असतानाच पाहायला मिळाला तर कारण हाती लागतं. तो आधीच काढून टाकला तर नुसता अंदाज उरतो.

निदान

बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर मी आधी पत्ता तपासला. 192.168.1.104, गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार) 192.168.1.1. वरवर सगळं ठीक. शेजारच्या चालू कॉम्प्युटरलाही गेटवे तोच. मग दोन्हींवर गेटवेचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस, काढून पाहिला आणि तिथे उलगडा झाला. एकच 192.168.1.1, पण दोन कॉम्प्युटरवर त्याचे दोन वेगळे मॅक. एक फायबर बॉक्सचा होता. दुसरा वरच्या राउटरच्या तळाला चिकटवलेल्या स्टिकरशी जुळला.

घडत काय होतं ते सांगतो, कारण असा बिघाड घराघरांत आणि दुकानांत होतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो. घरगुती राउटरच्या डबीत खरं तर तीन यंत्रं एकत्र असतात: दोन नेटवर्कांमधला राउटर, एक छोटा स्विच आणि तारेवरचं नेटवर्क हवेत नेणारा ॲक्सेस पॉइंट. शिवाय ही डबी डीएचसीपीचं कामही करते, म्हणजे नेटवर्कवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला पत्ता वाटते. आपल्याला त्यातला ॲक्सेस पॉइंटच हवा असतो. बाकीची कामं फायबर बॉक्स आधीपासून करत असतो.

इथे पत्ते वाटणारे दोघे झाले होते. कॉम्प्युटर चालू झाला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, “मला पत्ता कोण देईल?” ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता तो घेतो. दोघेही स्वतःला 192.168.1.1 म्हणवत होते, तेव्हा कॉम्प्युटरने बाहेर पाठवलेली माहिती कधी फायबर बॉक्सकडे जायची, कधी वरच्या राउटरकडे. वरच्या राउटरच्या इंटरनेटच्या पोर्टात काहीच जोडलेलं नव्हतं, म्हणून तिकडे गेलेलं तिथेच संपायचं. प्रिंटरला कुणीतरी पूर्वी हाताने 192.168.1.150 हा पत्ता दिला होता. नव्याने वाटप करणाऱ्या राउटरला ते माहीत नव्हतं आणि त्याने तोच पत्ता एका फोनला देऊन टाकला होता.

मी स्विचमधून वर जाणारी, सातव्या पोर्टची केबल काढली. तिन्ही कॉम्प्युटर पुन्हा चालू केले. दोन मिनिटांत नेट, प्रिंटर, कॅमेरे, सगळं जागेवर.

तो मुलगा दारात उभा होता. “सर, माझ्यामुळे झालं का? राउटरचे सगळे लाइट हिरवे होते.” त्याला मी स्टिकरवरचा मॅक आणि स्क्रीनवरचा मॅक शेजारी धरून दाखवला. त्याची कल्पना बरोबर होती, केबलही त्याने योग्य पोर्टात घातली होती. दोन सेटिंग बदलायचे राहिले, एवढंच. पुढच्या सगळ्या कामात तो माझ्याबरोबर होता.

पहिला निर्णय: तात्पुरतं चालू करायचं का?

पक्कं काम व्हायला आठ-दहा दिवस लागणार होते आणि काही मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. ट्रस्टींचा कल सगळं बंद ठेवण्याकडे होता. जुनाच राउटर नीट सेट करून तोवर वापरावा, असं मी सुचवलं. काकांनी अट घातली की परीक्षा जवळ आलेल्या पंचवीस जणांनाच पासवर्ड द्यायचा. ही अट शहाणपणाची होती. त्या राउटरला फक्त 2.4 गिगाहर्ट्झ होतं, साठ जणांचा भार त्याला पेलला नसता.

जुन्या राउटरचा ॲक्सेस पॉइंट करताना क्रम चुकला तर अडकायला होतं, म्हणून केलं ते सविस्तर लिहितो. राउटर नेटवर्कपासून सोडवला आणि नुसत्या लॅपटॉपला जोडला. आधी त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 वरून 192.168.1.2 केला. तो बदलला की सेटिंगचं पान बंद पडतं आणि नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करावं लागतं. मग वायफायचं नाव आणि डब्ल्यूपीए2 चा, म्हणजे वायफायच्या सुरक्षेचा, पासवर्ड घातला. डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद केला, कारण तो आधी बंद केला तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगच्या पानापर्यंत पोचणं अवघड होतं. फायबर बॉक्सच्या वाटपातही 192.168.1.2 आणि प्रिंटरचा पत्ता राखून ठेवले, नाहीतर बॉक्सनेच ते दुसऱ्या कुणाला दिले असते. केबल पुन्हा पिवळ्या पोर्टात घातली आणि निळ्या, इंटरनेटच्या पोर्टावर चिकटपट्टी लावली, म्हणजे साफसफाईत केबल निघाली तरी पुन्हा लावणारा चुकणार नाही.

पर्याय

पक्क्या कामासाठी ट्रस्टच्या बैठकीत चार गोष्टींची चर्चा झाली.

पहिला पर्याय रिपीटरचा, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राचा. काकांना तो मनापासून पटला होता, कारण भिंतीला भोक पाडायचं नव्हतं आणि खर्च किरकोळ होता. पण एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकतोही तोच आणि बोलतोही तोच, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय पहिल्या मजल्याच्या जिन्यात सिग्नल उणे 78 डीबीएम होता (हे सिग्नलच्या जोराचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण). जे तिथेच धड ऐकू येत नाही, ते पुढे काय सांगणार? जिथे केबल नेणं शक्यच नाही तिथे रिपीटरचा विचार करावा. इथे केबल नेता येत होती.

दुसरा पर्याय त्याच मुलाने वाचून आणला होता: केबल पिवळ्याऐवजी निळ्या पोर्टात लावायची. त्याने वरच्या फोनचं नेटवर्क वेगळं होतं, पत्त्यांची मारामारी संपते आणि सेटिंगही फारसं बदलावं लागत नाही. राउटरची आतली मालिका तेवढी बदलायची, 192.168.1 ऐवजी दुसरी काही. हा उपाय चालतो. पण “वेगळं झालं म्हणजे सुरक्षित झालं” असा जो समज आहे तो उलटा आहे. राउटर बाहेरच्याला आत येऊ देत नाही, आतल्याला मात्र बाहेर जाऊ देतो. इथे आत म्हणजे विद्यार्थ्यांचे फोन आणि बाहेर म्हणजे ऑफिस. साठ अनोळखी फोनांपैकी कुठलाही प्रिंटरपर्यंत, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरपर्यंत आणि सभासदांच्या नोंदी असलेल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकला असता. ऑफिसला मात्र वर काय चाललंय ते दिसलं नसतं. या मुद्द्यावर मी बैठकीत बराच वेळ घेतला. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर ही ट्रस्टकडे विश्वासाने दिलेली गोष्ट आहे.

तिसरा, पीएम-वाणीखाली सार्वजनिक वायफाय केंद्र करण्याचा. केंद्र सरकारने 2020 मध्ये ही योजना मंजूर केली. वापर नोंदणीकृत सभासदांपुरताच होता, त्यामुळे तो लगेच बाजूला ठेवला.

चौथा पर्याय म्हणजे छताला बसवायचा खरा ॲक्सेस पॉइंट, केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच, आणि ऑफिस व विद्यार्थी यांची नेटवर्कं व्हीलॅनने (त्याच तारांवर वेगवेगळी नेटवर्कं चालवायच्या सोयीने) वेगळी करायला एक छोटा राउटर. एकूण खर्च 23,000 रुपयांच्या आसपास. एका ट्रस्टींनी विचारलं, “एवढ्या पैशांत पुस्तकं किती येतील?” प्रश्न रास्त होता. काकांनी सांगितलं की जिन्यात उभं राहून लेक्चर ऐकणाऱ्या मुलांसाठी हाही पुस्तकांचाच खर्च समजा. मंजुरी मिळाली.

प्रत्यक्ष काम

सुरुवात केबलपासून. टेस्टर लावला तेव्हा जुन्या केबलवर 1, 2, 3 आणि 6 हेच दिवे लागले. आठ तारांपैकी चारच शाबूत होत्या. तेवढ्यावर 100 एमबीपीएस चालतं, गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, आठही लागतात. आपलं कनेक्शन 100 चंच, मग बदलायची कशाला, असं वाटू शकतं. मीही आधी तोच विचार केला. मग पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी केबलचा जोड उघडला. पावसाची ओल तिथे झिरपत होती आणि आरजे45 च्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगच्या, पिनांवर हिरवट थर चढला होता, नखाने खरवडला तर पूड निघाली. मुंबईच्या खाऱ्या हवेत असा जोड आज चालतो, उद्या नाही. नवी केबल घ्यायची ठरवली.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून कॅट6 प्रकारची केबल आणली. घेण्याआधी तारेचा एक तुकडा मागून घेतला आणि ब्लेडने खरवडला. आत लाल तांबं असेल तर ठीक. पांढरी चकाकी दिसली तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, ते वाकवताना तुटतं आणि पीओईची वीज वाहताना जास्त तापतं. पहिल्या दुकानातली पांढरी निघाली, दुसऱ्यातली लाल. छापील वेष्टनावर दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं होतं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केबल ओढली. जिन्यातल्या विजेच्या वायरींपासून लांब, स्वतंत्र पट्टीतून, खिडकी टाळून. लांबी 38 मीटर भरली, 100 मीटरच्या मर्यादेच्या बरीच आत. मधे एकही जोड ठेवला नाही. इथला एक निर्णय पुढे फार कामाला आला: एकाऐवजी दोन केबली ओढल्या. मजुरी खरी पट्टी बसवायची आणि भोकं पाडायची असते, दुसरी तार त्यातून नेणं जवळजवळ फुकट पडतं. दुसरीचं टोक क्रिंप करून (प्लग दाबून बसवून), गुंडाळून छताच्या कोपऱ्यात ठेवलं. दोन्हींची टोकं त्या मुलाने क्रिंप केली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिली दोन टोकं कापून टाकावी लागली, मग टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले.

ॲक्सेस पॉइंट हॉलच्या छताला मध्यभागी बसवला. पीओईमुळे तिथे सॉकेटची गरज पडली नाही. 802.3एएफ मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टवर 15.4 वॉटपर्यंत देतो, या पॉइंटला तेवढं पुरतं. रात्री वरचा मेन स्विच बंद करतात, त्याचाही यावर परिणाम नाही.

पत्त्यांची मांडणी मी वहीत आधी लिहून काढली आणि मगच यंत्रांना हात लावला. ऑफिसची मालिका 192.168.1 अशीच ठेवली, म्हणजे प्रिंटर आणि रेकॉर्डरला काही बदलावं लागणार नाही. 192.168.1.1 हा पत्ता नव्या राउटरला दिला, फायबर बॉक्सला 192.168.0.1 वर नेलं आणि त्याचं वायफाय बंद केलं. ऑफिसचं वाटप 100 ते 140, प्रिंटरचा 150 त्याच्या बाहेर. विद्यार्थ्यांना 192.168.20 ही वेगळी मालिका, तिथून ऑफिसकडे जाणारी वाट बंद, आणि एका फोनला दुसरा फोन दिसणार नाही अशी सोय.

हवेचं चित्र दाट वस्तीत असतं तसंच होतं. फोनवरच्या ॲपमध्ये 2.4 गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची तीसेक नेटवर्कं दिसली. तिथे एकमेकांवर न चढणारे 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनल. मी 2.4 चा जोर मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे फोन 5 गिगाहर्ट्झकडे वळतात. 5 वर चॅनल 36, रुंदी 40 मेगाहर्ट्झ. 80 ठेवली तर एकट्या फोनवर वेगाचे आकडे छान दिसतात, पण गर्दीत कमी रुंदीचा चॅनल शेजाऱ्यांशी कमी भांडतो. 1, 2, 5.5 आणि 11 एमबीपीएसचे जुने संथ दर बंद केले, कारण एक संथ फोन हवेतला सगळ्यांचा वेळ खातो. शेवटी प्रत्येक उपकरणाला 4 एमबीपीएसची मर्यादा घातली. लेक्चरचा व्हिडिओ त्यात नीट चालतो.

त्या मुलाचा जुना राउटर परत द्यायला गेलो तर तो म्हणाला, “राहू दे सर, इथेच वापरा.” फायबर बॉक्सचं वायफाय बंद केल्यामुळे ऑफिसात ताईंच्या फोनला वायफाय नव्हतं. तो राउटर आता ऑफिसच्या कपाटावर ॲक्सेस पॉइंट म्हणून काम करतो, 192.168.1.2 या पत्त्यावर, निळ्या पोर्टावरच्या चिकटपट्टीसकट.

निष्पत्ती

पहिले पाच दिवस छान गेले. जिना रिकामा झाला. सहाव्या दिवशी दुपारी तक्रारी आल्या: वायफायला जोडतं, पण “आयपी पत्ता मिळवत आहे” याच्यापुढे जात नाही. सकाळी आलेल्यांचं चालू, दुपारी आलेल्यांचं बंद.

ही चूक माझी होती. विद्यार्थ्यांच्या मालिकेत राउटरने मुळात ठरवलेलं 100 ते 199 हेच वाटप मी तसंच राहू दिलं होतं, आणि पत्त्याची मुदत चोवीस तास. खुर्च्या साठ असल्या तरी पाळ्या तीन आणि बहुतेकांकडे फोन व लॅपटॉप दोन्ही. सकाळचा विद्यार्थी घरी गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडायचा. शंभर पत्ते दुपारीच संपले. वाटप 20 ते 250 केलं, म्हणजे 231 पत्ते, आणि मुदत दोन तास. त्यानंतर ही तक्रार आली नाही.

ऑफिसकडून गेल्या चार महिन्यांत एकदाही फोन नाही. पासवर्ड दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो आणि फळ्यावर लिहिला जातो. पत्त्यांच्या वहीतलं पान लॅमिनेट करून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय, राउटरचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात काकांकडे आहे. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही हे नेटवर्क दुरुस्त करता यावं, हा त्यामागचा हेतू.

काय वेगळं करता आलं असतं

खुर्च्या मोजण्याऐवजी दिवसभरात येणारी माणसं मोजायला हवी होती. हजेरीचं रजिस्टर समोरच टेबलावर होतं. ते उघडून पाहिलं असतं तर पत्ते किती लागतील हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

व्हीलॅनचा खर्च टाळता आला असता का, याचा मी नंतरही विचार केला. काही ॲक्सेस पॉइंटमध्ये पाहुण्यांचं नेटवर्क असतं, ते आतल्या पत्त्यांकडे जाणं अडवतं. ऑफिसात नुसता एक कॉम्प्युटर असता तर मी तेच सुचवलं असतं आणि निम्मे पैसे वाचवले असते. रेकॉर्डर आणि सभासदांच्या नोंदी पाहता इथे पुन्हा व्हीलॅनच निवडेन.

तिसरी गोष्ट सिग्नल मोजण्याची. हॉलच्या टोकाला मुलींसाठी बारा खुर्च्यांची वेगळी खोली आहे. मी दुपारी मोजलं तेव्हा तिथे 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे 63 होता, म्हणजे उत्तम. पण तेव्हा खोली रिकामी होती आणि दार सताड उघडं. मुली बसल्या की एसीमुळे दार बंद असतं, मधे दीड फुटी भिंत, आणि आकडा उणे 79 वर जातो. त्यांनी महिनाभर तक्रार केली नाही, फोनचा डेटा वापरत राहिल्या. ताईंनी सहज विचारलं तेव्हा कळलं. मोजमाप खोली भरलेली असताना, दार लोटून करायला हवं होतं आणि पहिल्या आठवड्यात तिथे जाऊन विचारायलाही हवं होतं.

छताच्या कोपऱ्यात गुंडाळलेली दुसरी केबल उलगडली, खोलीच्या झरोक्यातून आत घेतली आणि दुसरा पॉइंट चॅनल 149 वर बसवला. त्याला पाऊण तास लागला. नंतर सगळ्या जागेवर बसल्या असताना दार लावून मोजलं: उणे 52.